हीटर लावलास का गं?

थंडीतली पहिली काच गोठली, त्या सकाळी बाबांनी मोठीला गॅरेजमध्ये पिटाळलं. काम साधंच होतं. गाडीच्या पुढच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा धरला असेल, खरवडायची पट्टी मागच्या फळीवर आहे, तेवढी काच साफ करून ठेव, मी दाढी उरकून आलोच, असं त्यांनी तोंडाला फेस असतानाच सांगितलं. मोठीने स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढल्या आणि स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दाराची कडी काढली.

मोठी म्हणजे त्या घरातली थोरली मुलगी. खरं तर ती एकुलती एक. चौदा वर्षं तिला कोणी मोठी म्हटलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात आत्या गेली आणि आत्याची पाच वर्षांची मुलगी, बटण, मागच्या खोलीतून आपली गादी, आपली उशी आणि एका डोळ्याचं कापडी अस्वल घेऊन तिच्या खोलीत राहायला आली. त्या दिवसापासून ती मोठी झाली.

बोलायला ती आधीपासूनच कंजूष. आई म्हणायची, हिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे भिंतीत गंजलेला खिळा उपटायचा. पण गेल्या वर्षभरात तिने एक शब्द तर पारच टाकून दिला होता. लावणे. दिवा लाव, दार लाव, गजर लाव, तव्याला हात लावू नकोस, पोळेल… घरात दिवसातून पन्नास वेळा तोंडात येणारा शब्द. ती दिवा सुरू करायची, दार बंद करायची, केसांना तेल चोपडायची. कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. कमी बोलणाऱ्या माणसाचा हा एक फायदा असतो.

गॅरेज कसलं, तीन भिंती, वर पत्रा आणि पुढे लोखंडी शटर. बाहेरच्याएवढीच थंडी आत. मोठीने पिवळा दिवा सुरू केला, फळीवरची पट्टी घेतली आणि गाडीपुढे येऊन उभी राहिली.

काच स्वच्छ होती. दोन्ही बाजूंच्या खिडक्या पांढऱ्या, मागची काच पांढरी, पत्र्याच्या आतल्या बाजूला गोठलेले थेंब. आणि पुढची काच मात्र आत्ताच कोणी फडक्याने पुसल्यासारखी लख्ख, खालच्या कडेशी पाण्याची बारीक धार.

तिने बोट टेकवलं. काच कोमट होती.

ड्रायव्हरशेजारचं दार तिने हळूच उघडलं. आतून उबेचा एक पदर तोंडावर आला. पहिल्यांदा हीटर सुरू केल्यावर तारेवरची धूळ जळते तसा वास, आणि त्याखाली, अगदी पुसट, स्पिरिटचा. सीटपुढे, पाय ठेवायच्या जागेत, लोखंडी बैठकीवर हीटर होता तिथेच होता. त्याची वायर गुंडाळून वर ठेवलेली. वायरीच्या टोकाला प्लग नव्हता, तांब्याच्या नुसत्या तीन शेंड्या. प्लग बाबांनी वर्षापूर्वीच पक्कडीने तोडून टाकला होता.

तिने दार ढकललं आणि पट्टी हातात धरून तशीच उभी राहिली. बाबा आले, काच बघितली आणि खूश झाले. एवढ्यात उरकलं, वा, म्हणाले. मग गाडीत बसले आणि त्यांचा स्टिअरिंगवरचा हात एकदम थांबला. ते हीटरकडे बघत राहिले, वायरीच्या शेंड्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली आणि तशा थंडीत ती उघडी ठेवूनच कामावर गेले.

शाळेत तिसऱ्या तासाला मोठीला आठवलं. पहाटे साडेपाचला, अर्धवट झोपेत, दाराबाहेरून तिला कोणीतरी काहीतरी विचारलं होतं. आणि तिने, रोजच्या सवयीने द्यावं तसं, उत्तर दिलं होतं.

वर्षभरात पहिल्यांदाच तिने तो शब्द उच्चारला होता.

*

ही गाडी आधी आत्या चालवायची. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं तिचं काम. सकाळी सहाला घर सोडावं लागे, आणि कितीही आंघोळी केल्या तरी तिच्या हातांना स्पिरिटचा वास यायचाच. गाडी जुनी. तिची गरम हवा इंजिन चांगलं तापल्याशिवाय येत नसे, तोवर अर्धा रस्ता संपायचा. आत्या हातमोजे घालून, दात वाजवत निघायची. म्हणून बाबांनी तो हीटर आणला.

बाबा वायरमन. विजेच्या वस्तूला ते घरातल्या माणसाइतकंच मानायचे आणि तितकंच घाबरायचे. विटेएवढा तो हीटर, पण त्याच्यासाठी त्यांनी गाडीत लोखंडी बैठक पक्की केली, गॅरेजच्या भिंतीवर अर्थिंगचा वेगळा सॉकेट बसवला आणि एका रविवारी सगळ्यांना गाडीसमोर उभं करून नियम सांगितले. हीटर सीटवर ठेवायचा नाही, सीट पेटते. त्याच्यापासून हातभर अंतरात कापड नको, कागद नको, पांघरूण तर नकोच नको. वायर सरळ पसरायची, वेटोळं तापतं. ओल्या हाताने प्लग धरायचा नाही. तो चालू असताना गाडीत कोणी झोपायचं नाही. अर्धा तास पुरे. मग आधी वायर काढायची, मग शटर वर करायचं, आणि मग किल्ली फिरवायची. बंद शटरमागे इंजिन चालू करायचं नाही म्हणजे नाही. त्या धुरात एक वायू असतो, त्याला ना रंग ना वास, माणसाला नुसती झोप येते आणि तो उठतच नाही.

आत्या म्हणाली होती, “दादा, गाडी आहे की अणुभट्टी?”

सगळे हसले होते. बाबा हसले नव्हते. बटणने मात्र त्याचं लगेच गाणं केलं, वायर शटर किल्ली, आमची गाडी हल्ली. हलली म्हण, म्हटलं तरी ती हल्लीच म्हणायची.

सकाळी हीटर चालू करायचं काम मोठीचं. ती अभ्यासाला लवकर उठायचीच. साडेपाचला आत्या आंघोळीला जाताजाता तिच्या दाराशी थांबायची आणि हलक्या आवाजात, कोणाची झोपमोड होऊ नये म्हणून, विचारायची, “हीटर लावलास का गं?” आणि आतून मोठी म्हणायची, “लावलाय.” दोन हिवाळे रोज हेच. त्यात ऐकण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

मग गेल्या वर्षी सहामाहीच्या गणिताच्या पेपरची ती पहाट. मोठी चारला उठली. बोटांत पेन्सिल धरवत नव्हती. तासाभरापुरता, असं स्वतःशी म्हणत ती गॅरेजमध्ये गेली, बैठकीवरून हीटर उचलला आणि आपल्या खोलीत आणून पलंगाच्या पायथ्याशी ठेवला. पाय पांघरुणात, पांघरूण हीटरवर झुकलेलं. बाबांनी बघितलं असतं तर तिथल्या तिथे कान उपटला असता. पायांना ऊब आली, उबेने डोळ्यांवर झापड आली.

“हीटर लावलास का गं?”

“लावलाय,” ती झोपेतच म्हणाली.

खोटं नव्हतं ते. वर्षभर ती स्वतःला हेच सांगत होती. हीटर लावलेलाच होता.

आत्याचं पुढे काय झालं ते कोणी पाहिलं नाही, अंदाजाने जुळवलं. रात्री बर्फ पडून गोठला होता. शटर खालच्या फरशीला चिकटलं होतं. गाडीत अंधार, काच आतून बाहेरून पांढरी, हात बधिर. दोन मिनिटं इंजिन चालू ठेवू, काच सुटेल, तोवर शटरही सुटेल, असं तिला वाटलं असेल. दोनच मिनिटं. साडेसहाला बाबा उठले तेव्हा इंजिन अजून चालूच होतं.

आरडाओरडा ऐकून मोठी जागी झाली. बाबा आणि आई आत्याला अंगणात नेत होते, कोणाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. तिने हीटर शालीखाली घेतला, बैठकीवर ठेवला, वायर सरळ पसरली, प्लग भिंतीत खोचला. सगळं नियमाप्रमाणे. चौकशीला आलेल्या साहेबाने हीटरला हात टेकवून बघितला आणि वहीत लिहिलं, हीटर कोमट, चालू स्थितीत.

त्या एका कोमट शब्दाने बाबांना धरलं ते धरलंच.

*

दुसऱ्या दिवशी मोठी पाचलाच जागी होऊन पांघरुणात डोळे उघडे ठेवून पडली. शेजारच्या गादीवर बटणचा श्वास चालू होता. घड्याळात साडेपाच झाले आणि मागच्या खोल्यांकडून सपातांचा आवाज आला. फट्, फट्, फट्. आत्याची डावी सपात जरा ढिली होती. दाराशी आवाज थांबला.

“हीटर लावलास का गं?”

आवाजात राग नव्हता, दुःख नव्हतं. अजून पुरती झोप न गेलेल्या, घाईत असलेल्या बाईचा आवाज. मोठीने पांघरुणाची कड दातांत धरली. दाराखालच्या फटीतून थंड हवा यायची, ती आत्ता येत नव्हती. फटीपलीकडे काहीतरी उभं होतं.

बऱ्याच वेळाने सपाता गेल्या. त्या दिवशी गाडीची काच दगडासारखी गोठलेली निघाली आणि बाबांना ती खरवडायला पंधरा मिनिटं लागली.

तिसऱ्या दिवशीही ती गप्प राहिली. दाराबाहेर प्रश्न आला, शांतता झाली. मोठीने मनात आकडे मोजायला सुरुवात केली. बारापर्यंत पोचली असेल तोच शेजारच्या गादीवरून, डोळे मिटलेल्या बटणने, स्पष्ट आवाजात सांगून टाकलं, “लावलाय.”

त्या सकाळी काच लख्ख होती.

शाळेतून आल्यावर मोठीने बटणला खिडकीत घेतलं आणि तिच्या वेण्या घालताघालता आडून आडून विचारलं, सकाळी झोपेत बडबडतेस ते काय? बटणने अस्वलाचा उरलेला डोळा फिरवत सांगितलं, बडबडत नाही, आई विचारते त्याचं उत्तर देते. आई रोज विचारते. तू सांगत नाहीस, मग तिला सांगायला नको?

“आणि… मग?”

“मग ती गाडी गरम करून ठेवते.”

“कोणासाठी?”

बटणने तिच्याकडे असं बघितलं, जणू एवढं साधं गणित हिला कसं येत नाही. “माझ्यासाठी. तिच्याबरोबर जायला. पण बर्फ पडायला पाहिजे म्हणते, त्या दिवशीसारखा.”

मोठीच्या हातातली वेणी सुटली.

त्या संध्याकाळी तिने ठरवलं, आता सांगायचं. बाबा जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसले होते. समोर जुनं वर्तमानपत्र, त्यावर तो तोडलेला प्लग. वर्षभर रोज संध्याकाळी ते तो प्लग उघडत, आतले तीन स्क्रू भिंगाखाली बघत आणि पुन्हा बंद करत. आईने आधी समजावलं, मग चिडली, मग भांड्यांशी बोलायला लागली. लोकांचे नवरे पत्ते खेळतात, आमचे प्लग खेळतात, असं ती पातेल्याला सांगायची. हल्ली तेही सांगत नसे.

मोठी चहाचा कप घेऊन उभी राहिली. बाबांनी वर न बघताच बोलायला सुरुवात केली. काच मधेच एखाद्या दिवशी आपोआप कशी साफ होते ते त्यांना कळत नव्हतं, आणि जे कळत नाही ते ते वायरिंगमध्येच शोधत. हीटर कोमट होता म्हणजे चालू होता, ते म्हणाले. चालू होता तर ती गारठली कशाला? गारठली नसती तर तिने इंजिन चालू केलंच नसतं, तिला नियम पाठ होते. म्हणजे मधेच बंद पडत असणार. म्हणजे जोड ढिला होता.

“माझ्या हातचा जोड,” ते म्हणाले. “लोकांच्या घरी अजून एक दिवा विझला नाही माझ्या हातचा. आणि बहिणीच्या वेळी…”

“बाबा…”

“हं?”

मोठीचे ओठ हलले. बाबांनी वर बघितलं, तेव्हा त्यांचे डोळे इतके थकलेले होते की तिला वाटलं, हे सांगितलं तर ते आपल्याकडे पुन्हा कधीच असे, साधे, बघणार नाहीत.

“…चहा,” ती म्हणाली.

रात्री जेवताना आईने खिडकीचा पडदा सारला आणि सांगितलं, बर्फ सुरू झालाय बघा, चांगलाच धरणार असं दिसतंय. बटणने टाळ्या वाजवल्या.

उद्या पुन्हा गणिताचा पेपर होता. मोठीने गॅरेजच्या दाराला आतून कडी घातली, कडीला दोरी गुंडाळली. गाडीची किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर होती. हा खिळा बाबांनी आत्यानंतर मुद्दाम उंच ठोकला होता, मोठीचासुद्धा हात पुरायचा नाही इतका. ती जरा निर्धास्त झाली. बटणला तिने आपल्याच पलंगावर, भिंतीच्या बाजूला घेतलं. जाऊ देणार नाही, उत्तर देऊ देणार नाही, आणि स्वतः ऐकणारही नाही. तिने दोन्ही कानांत कापसाचे बोळे घट्ट कोंबले.

ती चूक होती. ज्याने ऐकायला हवं होतं, तोच कान तिने बंद केला.

*

तिला जाग आली ती पायांना गार लागलं म्हणून. पावणेसहा वाजले होते. भिंतीची बाजू रिकामी, उशीवर एका डोळ्याचं अस्वल. तिने कापूस उपटला, आणि घर एकदम आवाजाने भरलं. खालून, फरशीतून, बारीक थरथर येत होती. इंजिनाची.

स्वयंपाकघरात खिळा रिकामा होता. त्याच्याखाली स्टूल नव्हतं, खुर्ची नव्हती. गॅरेजच्या दाराची दोरी सोडवून, नीट घडी करून ओट्यावर ठेवलेली होती, आत्या प्रयोगशाळेतल्या रबरी नळ्या ठेवायची तशी.

मोठीने दार उघडलं. बाबा, अशी हाक मारायची होती, आवाज आलाच नाही. गॅरेजमध्ये दिवा नव्हता. गाडीच्या आत तेवढा नारिंगी उजेड होता, खालून येणारा. हीटरच्या तारा लाल होऊन जळत होत्या आणि त्याच्या वायरीच्या तीन शेंड्या हवेत तशाच लोंबत होत्या. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बटण डोकं एका बाजूला टाकून झोपली होती. गालांवर गुलाबी चमक. ड्रायव्हरची सीट रिकामी होती, पण तिची गादी मधोमध दबलेली होती, माणूस बसल्यावर दबते तशी.

तिने दार ओढलं. आतून बंद. काचेवर थापा मारल्या, बटण हलली नाही. शटरकडे धावली, दोन्ही हातांनी कडी धरून वर ओढली. शटर फरशीला गोठलं होतं. डोकं जड व्हायला लागलं, कानांत गुणगुण सुरू झाली. ती पुन्हा काचेशी आली, आणि तेव्हाच गाडीच्या आतून, बंद काचेमागून, कानाशी बोलल्यासारखा आवाज आला.

“हीटर लावलास का गं?”

मोठीने काचेवर कपाळ टेकलं. दोन हिवाळे दिलेलं उत्तर जिभेवर आयतं तयार होतं. ते दिलं असतं तर सगळं त्या दिवशीसारखंच झालं असतं, हे तिला कोणी न सांगता कळलं.

“नाही, आत्या,” ती म्हणाली. मग आणखी मोठ्याने. “नव्हता लावला. म्हणजे… लावला होता. माझ्या खोलीत. माझ्या पायाशी. मला थंडी वाजत होती. मी झोपले… आणि तू गेल्यावर मीच परत आणून ठेवला.”

आतला नारिंगी उजेड एकदा हलला.

“अस्सं,” आवाज म्हणाला. “म्हणजे थंडी तुला वाजत होती.”

टक्, असा आवाज झाला आणि गाडीच्या दाराचा खटका आपोआप सुटला. तारा विझल्या. मोठीने दार उघडून आधी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, मग बटणला दोन्ही हातांनी उपसून काढलं आणि वळली.

स्वयंपाकघराच्या दारात बाबा उभे होते.

इंजिनाच्या आवाजाने ते उठले होते. कुठपासून उभे होते, किती ऐकलं, हे विचारायची वेळच नव्हती. त्यांनी शटरला खांदा दिला, दुसऱ्या धक्क्याला बर्फ कडाडून तुटला आणि पहाटेचा निळसर उजेड, बोचरी हवा आणि मुठी मुठी बर्फ आत आला. बटणने अंगणात डोळे उघडले, दोनदा ओकली आणि रडायला लागली. ते रडणं ऐकून आई अनवाणी बर्फात धावत आली. आईने तिला पोटाशी धरलं आणि आत नेलं.

बाबा आणि मोठी तेवढे राहिले. मोठी वाट बघत होती. मारतील, ओरडतील, निदान काहीतरी विचारतील. बाबांनी खिशातून तो प्लग काढला. तो ते खिशातही ठेवतात हे तिला माहीत नव्हतं.

“किती वाजता उचललास?”

“चार.”

“म्हणजे चारपासून गाडीत काहीच नव्हतं.”

“नाही.”

बाबांनी प्लग तळहातावर उलटा केला, सुलटा केला.

“जोड बरोबर होता,” ते हळू म्हणाले, आणि तिथेच, बर्फात, गुडघ्यांवर बसून रडले. वर्षभरात पहिल्यांदा. मोठी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. त्यांनी तिला दूर ढकललं नाही. जवळही घेतलं नाही.

*

गाडी त्यांनी भंगारात दिली. हीटर बाबांनी स्वतः उघडला, तारा ओढून काढल्या, पत्रा चेपला आणि चार वेगवेगळ्या कचराकुंड्यांत टाकला. घरात आता एकही हीटर नाही. प्लग टेबलावरून गेला. आई पुन्हा पातेल्याशी बोलते, आणि अधूनमधून बाबांशीही. बाबा मोठीशी बोलतात, लागेल तेवढं. तिच्या डोळ्यांत बघून अजून नाही. बटण सकाळी सातपर्यंत गाढ झोपते. तुझी आई अजून विचारायला येते का, असं मोठीने एकदा विचारलं, तर म्हणाली, माझ्याकडे नाही येत आता.

मोठीच्या पांघरुणावर, पायाच्या बाजूला, दोन बोटं रुंदीचे तपकिरी पट्टे उमटलेत. एकाखाली एक, जाळीसारखे. आईला ते इस्त्रीचे डाग वाटले, तिने रागावून पांघरूण बदललं. नव्या पांघरुणावर पट्टे उमटले, जुन्यावरचे जिथे संपले होते तिथून पुढे. रोज एक बोट वर. आज ते गुडघ्यापर्यंत आलेत.

साडेपाचला सपाता येतात. फट्, फट्, फट्. पण आता दाराबाहेर थांबत नाहीत, आत येतात, पलंगाच्या पायथ्याशी. आणि विचारतही काही नाहीत. पायांना हळूहळू ऊब येते, धूळ जळल्याचा वास येतो, आणि अंधारात कोणीतरी वाकून, कोणाची झोपमोड होऊ नये अशा हलक्या आवाजात सांगतं,

“लावलाय गं.”